डावखुरी गाठ

वटार,
२ डिसेंबर २०२४

चि. रेवा,

आशीर्वाद. ते ठेवून घ्यायचे की परत पाठवायचे हे तू ठरव, मी दिले.

मी सत्यवती, तुझ्या वडिलांची थोरली बहीण. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा रचना तुला घेऊन सांगलीला माहेरी निघून गेली, त्यानंतर आपली गाठभेट नाही. पत्ता तुझ्या मामाने दिला. फोन नंबरही देत होता, पण मी घेऊन करू काय? माझे दोन्ही कान गेलेत. यंत्र लावलं की कावळा आणि माणूस सारखाच ऐकू येतो. फोनवर मी सगळ्यांना 'हो हो' म्हणते आणि मग लोक दारात येऊन उभे राहतात, तुम्ही हो म्हणाला होता ना म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं.

तर, इथे दर फेब्रुवारीत तुझ्या वडिलांच्या, आमच्या शतूच्या नावाने सायकलफेरी निघते. निर्मळच्या तळ्यापासून नंदाखाल, तिथून आमच्या वटारवरून समुद्राच्या अंगाने परत. तो गेला त्याच्या दुसऱ्याच वर्षी वीसेक जणांनी सुरू केली. गेल्या साली आठशे सायकली होत्या गं! विरारच्या इमारतींमधली पोरंपोरी, ज्यांनी शतूला डोळ्यांनी कधी पाहिलं नाही, ती त्याचं तोंड छापलेले शर्ट घालून येतात. बायका साडी खोचून चालवतात. शर्यतीत तो खिशात सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ठेवायचा ना, म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या दगडी गडग्यावर केळीच्या पानात सुकेळी मांडून ठेवलेली असतात. येणाऱ्याने उचलायची आणि पुढे जायचं.

माझ्या फाटकावर मात्र नसतात. हात दुखतात माझे, मी सुकेळी करणं कधीच सोडलं. तरी माझ्या दारावरून जाताना एकूण एक माणूस घंटी वाजवतो. मला ऐकू येत नाही, पण आठशे अंगठे हलताना दिसतात. अंगावर काटा येतो.

दिनानाथ फेरीचं सगळं बघतो. तो परवा येऊन बसला. म्हणाला, यंदा झेंडा शत्रुघ्नच्या मुलीने दाखवावा. मी म्हटलं, ती कशाला येतेय? तो म्हणाला, विचारून तर बघा. म्हणून विचारते. ९ फेब्रुवारी, रविवार. येशील?

तुझी,
सत्यवती आत्या

---

सांगली,
१४ डिसेंबर २०२४

आदरणीय आत्या,

तुमचं पत्र आठ दिवस टेबलावर पडून होतं. आईला दाखवलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातली मुलं परीक्षेत कॉपी करताना सापडली की मी त्यांना पाठीशी घालत नाही, कारण अशा फसवणुकीने पुढे घरी काय होतं ते मला माहितीये. नववीत असताना एका मैत्रिणीने जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण वर्गात आणलं होतं. 'घाटाचा राजा उत्तेजकात पकडला, चार वर्षांची बंदी.' त्या दिवसापासून मी वडिलांचं नाव विचारलं की फक्त नाव सांगते, पुढे बोलत नाही.

आईच्या डाव्या मनगटावर व्रण आहे. बंदीनंतर त्यांनी सगळे कप आणि ढाली तुमच्या वाडीतल्या तळ्यात फेकल्या, त्याला तुम्ही बावखल म्हणता ना? आई अडवायला गेली तेव्हा ढालीची कड लागली. ते दारू प्यायलेले होते. आणि शेवटी भिवंडीच्या लॉजमध्ये एकटे गेले. चौतीस वर्षांचे होते.

अशा माणसासाठी आठशे लोक सायकली काढतात? त्यांना कोणी सांगितलेलं नाही का? की सांगायचं नाही असं ठरलंय? मला राग येतोय, आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

फक्त एक गोष्ट. २००० साली बंदी असताना ते घाटात गेले होते, असं आई एकदाच बोलली होती. ती तिथे नव्हती, ऐकलेलं सांगत होती. ते सांगताना तिचा आवाज वेगळा झाला होता. तुम्ही तिथे होतात का? असाल तर तेवढं सांगा.

झेंडा दाखवायला मी येणार नाही.

रेवा

---

वटार,
२६ डिसेंबर २०२४

चि. रेवा,

तोंड फटकळ आहे गं तुझं. आमच्या घरातलं आहे, ओळखलं.

रचनाच्या हाताचं खरं आहे. मी पाहिलंय, मीच हळद दाबली. त्यावर मी काही बोलणार नाही, माझ्या भावाने वाईट केलं.

हो, होते मी घाटात. नंदाखालच्या नाक्यावर सायकलचं दुकान असलेला प्लासिड, दिनानाथ आणि मी, केळीचे घड उतरवलेल्या टेम्पोत मागे बसून गेलो होतो. ठाण्याहून इगतपुरीपर्यंतची शर्यत. सहा वर्षांपूर्वी हीच शर्यत शतू जिंकला होता, आणि त्याआधी रोज सकाळी विरारला फुलांच्या करंड्या पोचवत होता, सायकलवर, दोन मागे एक पुढे. ते पाय तिथेच तयार झाले.

त्या दिवशी त्याला नंबर नव्हता. कोणी जवळ उभं करेना. तो रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा राहिला. बावन्न जण सुटले, मागची रुग्णवाहिकाही गेली. शतूने घड्याळाकडे बघत दहा मिनिटं काढली. पूर्ण दहा! प्लासिड खाली मान घालून पुटपुटत होता, बहुतेक मागणं मागत होता. मग शतू निघाला.

आम्ही टेम्पोतून मोजत होतो. भिवंडीच्या पुढे पहिला गाठला. शहापूरला एकोणीस झाले. कसाऱ्याच्या पायथ्याशी चाळीस. आणि घाट सुरू झाल्यावर, रेवा, कसं सांगू तुला... बाकीचे सायकलशी भांडत होते आणि हा वर जात होता. नुसता वर जात होता! ट्रकवाले गाडी बाजूला घेऊन उतरून उभे राहिले. एका सरदारजीने पगडीला हात लावला. माझं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. पाळण्यात मी झोके दिलेलं पोर ते, मला वाटलं मी याला ओळखतच नाही.

शेवटच्या वळणावर बावन्नावा मागे पडला. समोर चुन्याची रेघ, माणसं ओरडतायत. आणि रेघेच्या वीस पावलं अलीकडे हा उतरला. सायकल खांद्यावर घेतली आणि रेघेला वळसा घालून गवतातून चालत पलीकडे गेला. रेघेला पाय लावला नाही. पलीकडे मैलाच्या दगडावर बसून त्याने खिशातलं सुकेळं काढून खाल्लं आणि आला तसा सायकलवरून घरी गेला.

कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही. पण वसईत कोणालाही विचार.

थंडी आहे. काळजी घे.

तुझी आत्या

---

सांगली,
८ जानेवारी २०२५

आत्या,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी मोठ्याने, आईसमोर. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आल्यावर म्हणाली, "रेघेला पाय लावला नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

मी येते. झेंडाही दाखवते. बाकी सगळ्यासाठी नाही, त्या एका दिवसासाठी. शर्यतीत नाव नाही, बक्षीस नाही, तपासणी नाही, मग फसवायचं तरी कोणाला? तो दिवस खरा असणार. मला माझ्या बापाचा एक खरा दिवस पुरेल.

तरी विचारते, कारण मी विज्ञान शिकवते आणि तुम्ही ते पत्रात लिहिलेलं नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगात काही नव्हतं ना? फोनवर म्हणता तसं 'हो हो' नको.

रेवा

---

वटार,
२० जानेवारी २०२५

चि. रेवा,

दहा दिवस मी कागद घेऊन बसते आणि उठते. कोंबड्यांना दाणे दोनदा टाकले, कढी उतू घालवली. आज लिहितेच.

होतं.

आता सगळं ऐक. ९८ साली त्याच्या प्रशिक्षकाचा माणूस विरारला मला भेटला. चपटी खोकी दिली. म्हणाला, ताकदीची इंजेक्शनं आहेत, पण शिबिरात पिशव्या उघडतात, तेव्हा तुमच्या सुकेळीत घालून पाठवा. तुला माहीत नसेल, सुकेळी वाळली की केळीच्याच सुक्या पानात घट्ट गुंडाळून, केळीच्याच सोपटाने, खोडाच्या सालीच्या दोरीने, बांधतात. तो पुडा कोणी सोडत नाही, प्रसादासारखा पुढे देतात. मी दोन सुकेळ्यांच्या मध्ये एक काचेची कुपी, असे पुडे बांधले. सहा पुडे.

मला कळलं नव्हतं असं लिहिलं तर तू मानशील. पण मला कळलं होतं. ताकदीचंच औषध असेल तर लपवायचं कशाला, एवढी अक्कल मला होती. मी विचारलं नाही, कारण तो जिंकला की आगाशीच्या बाजारात लोक मला वाट करून द्यायचे. ते मला आवडायचं गं. पकडला गेल्यावर चौकशीच्या साहेबांनी त्याला विचारलं, आणून कोणी दिलं? तो म्हणाला, माझं मी आणलं. चार वर्षांची बंदी एकट्याने घेतली. घरी येऊन मला एक शब्द बोलला नाही, आणि तेव्हापासून पिऊ लागला.

आणि २००० साली तो स्वतः माझ्याकडे आला. "ताई, एकच पुडा बांध." कुपी त्याने आणली होती. मी म्हटलं, अरे, आता कोण तपासतंय, कोणाशी शर्यत आहे तुझी? तर म्हणाला, "ताई, त्याच्याशिवाय मला घाट चढता येतो की नाही, हेच मला माहीत नाही. मला भीती वाटते." असं रडवेलं तोंड केलं, मी बांधून दिला.

दगडावर बसून खाल्लेलं सुकेळं त्याच पुड्यातलं. माझे हात दुखत नाहीत, रेवा. ठणठणीत आहेत. मला ती पानं हातात धरवत नाहीत.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. गावाला वाटतं, त्या दिवशी त्याच्या अंगात फक्त केळं होतं. आठशे घंट्या वाजतात आणि मी फाटकाशी हात जोडून उभी राहते, चोरासारखी.

तुझा एक दिवस मी काढून घेतला. यायचं की नाही ते आता तू ठरव. नाही आलीस तर मला समजेल.

सत्यवती

---

वटार,
१० फेब्रुवारी २०२५

चि. रेवा,

तू काही कळवलं नाहीस, आणि आली नाहीस. बरोबर केलंस. राग नाही.

फेरी काल झाली. झेंडा प्लासिडने दाखवला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, हात थरथरतो, झेंडा आपोआप हलला. नऊशेच्या वर सायकली होत्या म्हणे. मी नेहमीसारखी फाटकाशी उभी होते. सगळे घंटी वाजवून गेले. एकच हेल्मेटवाली मुलगी थांबली, एक पाय जमिनीला टेकून, माझ्याकडे बघत. घंटी नाही, काही नाही. तिच्या मागे नुसती गर्दी तुंबली. मला वाटलं सुकेळी मागतेय. मी हातानेच 'नाहीत गं बाई, हो पुढे' केलं. मेली तरी हलेना! मग मागून कोणीतरी काही बोललं, तेव्हा गेली.

दिवसभर ती डोळ्यांसमोरून गेली नाही. हल्लीच्या मुली धीट आहेत.

तू बरी आहेस एवढं तरी लिही.

आत्या

---

सांगली,
१६ फेब्रुवारी २०२५

आत्या,

मेली मीच होते.

तुझं ते जानेवारीचं पत्र वाचून मी ठरवलं होतं की येणार नाही. शनिवारी दुपारी बसमध्ये बसले तेव्हाही ठरवत होते की येणार नाही. रविवारी पहाटे नंदाखालला उतरले. प्लासिडकाका चर्चमधली पहिली मिस्सा करून दुकान उघडत होते. मी नाव न सांगता भाड्याने सायकल मागितली आणि सीट वर करून द्या म्हटलं. त्यांनी पान्हा हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून दोन बोटं वर पाहिजे असेल. तुझ्या बापाला लागायची."

मग मी बाकड्यावर बसले आणि विचारलं. घाटातल्या दिवसाचं. तुझं नाव घेतलं नाही मी, शपथ. त्यांनीच घेतलं.

त्या संध्याकाळी ते बाबांची सायकल धुवायला घेऊन गेले होते. सीटखालच्या पिशवीत फुटलेली कुपी सापडली. सोबत सुकं पान आणि सोपटाची गाठ. म्हणाले, "आमच्याकडे सुकेळी सगळ्याच बांधतात. डाव्या हाताची गाठ एकट्या सत्यवतीबायची. ती उलटी बसते. ९८ सालीही त्याच्या सामानात मला तशीच सापडली होती, तेव्हाच समजलं."

आत्या, ते सत्तावीस वर्षांपासून जाणतात. दिनानाथकाका जाणतात. तुझ्या वयाचं सगळं गाव जाणतं.

मी विचारलं, मग या पोरांना फसवता कशाला? ते चिडले. खरंच चिडले, पान्हा आपटला. "कोण फसवतो? फेरीच्या आदल्या दिवशी देवळाच्या अंगणात सगळ्यांना बसवतो आणि दरवर्षी सांगतो. दोनदा घेतलं, एकदा पकडला गेला, बायकोला दुखवलं, दारूत गेला. सगळं सांगतो. खोटं सांगून माणसं तेवीस वर्षं येत नाहीत, बाय."

मग येतात कशाला, असं मी विचारलं. त्यांनी चाक फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "आम्ही सगळे सायकलवर करंड्या वाहणारे. मला ठाऊक आहे, घाटात त्याच्या पायात काय होतं. पण सायकल खांद्यावर घेऊन तो गवतातून गेला, ते कुठल्या इंजेक्शनाने केलं? रेघ त्याची नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेवढं ज्याला कळतं त्याला मी सोडत नाही."

आणि तुझं फाटक. पहिल्या फेरीच्या वेळी त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं आणि तेच अजून चालू आहे. मुलांना ते कारण सांगत नाहीत, फक्त एवढंच सांगतात: वटारला पांढऱ्या फाटकाशी थांबायचं नाही, सुकेळी मागायची नाहीत. घंटी वाजवायची आणि जायचं. मी म्हटलं, घंटी बाबांसाठी? तर म्हणाले, "त्याच्यासाठी अख्खा रस्ता आहे. ती घंटी बायसाठी."

म्हणून मी तुझ्या फाटकाशी थांबले. मला तुझ्याकडे बघायचं होतं. नऊशे माणसं तुझ्यासाठी घंटी वाजवत होती आणि तू एकटीच होतीस जिला ती ऐकू येत नव्हती. आणि तू मला हाकललंस! मागून येणारी बाई म्हणाली, "ताई, इथे थांबायचं नसतं." मी पुढच्या वळणावर नारळाला टेकून इतकी रडले की लोकांना वाटलं मी पडले, तिघांनी पाणी दिलं.

राग गेलेला नाही, खोटं कशाला सांगू. बाबांवर आहे, तुझ्यावरही आहे. पण शाळेत परवा एका मुलीने विचारलं, मॅडम, तुमचे वडील काय करायचे? मी सांगितलं. पूर्ण नाव, घाट, इंजेक्शन, रेघ, सगळं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

आई विचारतेय, वटारची सुकेळी अजून मिळतात का. तिला खाऊन पंचवीस वर्षं झाली.

तुझी,
रेवा

---

वटार,
१२ मार्च २०२५

रेवा,

तुझं पत्र घेऊन मी चालत नंदाखालला गेले. प्लासिड कोणाचं तरी पंक्चर काढत होता. मी समोर उभी राहिले आणि मला काही बोलताच येईना, मला! तो काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग त्याने शेजारच्या सायकलची घंटी माझ्या हाताखाली धरली आणि वाजवली. बोटांना लागते गं ती, हाडापर्यंत जाते. इतकी वर्षं हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच बाकड्यावर बसून मनसोक्त रडले, आणि तो मेला पंक्चर काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी राजेळी केळ्यांचा घड उतरवला. पिकू दिला. सोलून सहा दिवस उन्हात ठेवली, कावळ्यांना हाकलत बसले. हाताला सवय राहिली नव्हती, पहिली दोन फेकून दिली. मग जमलं. गावातल्या बायका गडग्यावरून बघून जात होत्या, कोणी काही विचारलं नाही. संध्याकाळी दिनानाथची बायको एक टोपलीभर सुकी पानं ठेवून गेली.

पुढच्या फेब्रुवारीत माझ्या फाटकावर पान मांडणार आहे. तू येशील तेव्हा थांब.

सोबत सहा पुडे पाठवते. तीन रचनाला, तीन तुला. गाठ डाव्या हाताचीच आहे, दुसरी मला येत नाही. कापू नकोस, सोडव. आणि रचनासमोर पुडा उघडून बघ. आत केळ्याशिवाय काही नाही.

तुझी आत्या